गणपतीनंतर ऑपरेशन ठरलंय, तोवर श्वास घ्यायला शिकवा

प्रति,
माननीय जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, सिंधुदुर्ग,
तसेच कोकणात आणि कोकणातल्या रुग्णांवर घाटावर, मुंबईत, गोव्यात शस्त्रक्रिया करणारे सर्व सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात मोठ्या ऑपरेशनची तारीख एकटे डॉक्टर ठरवत नाहीत. भाताची लावणी ती ठरवते, गणपती ठरवतात, आंब्याचा हंगाम ठरवतो, मुंबईच्या मुलाला रजा कधी मिळते यावर ती ठरते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन करायचं असेल तर मंजुरीची वाट बघावी लागते. रक्त द्यायला माणसं गोळा करायची असतात. पावसात घाट बंद पडला की आणखी चार दिवस जातात. तातडीचं ऑपरेशन सोडलं तर निर्णय झाल्यापासून टेबलावर झोपेपर्यंत कोकणातल्या रुग्णाचे दोन, चार, कधी आठ आठवडे सहज जातात.

या दिवसांविषयी मला तुमच्याशी बोलायचं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. देवगड तालुक्यात माझा छोटा दवाखाना आहे. माझ्याकडे येतात ते बहुतेक गुडघे, कंबर, आखडलेले खांदे आणि लकव्यानंतरचे हात-पाय. छातीचं काम शिकले कॉलेजात, पण गावात आल्यावर ते बाजूला पडलं. त्याची किंमत माझ्या घरच्या माणसाने मोजली, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी माझ्या काकांच्या जठरात गाठ निघाली. आषाढाचे दिवस होते. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, फार उशीर नको, पण महिना-दीड महिना चालेल. घरात सगळे बसले आणि काका म्हणाले, "गणपती होऊन जाऊंदेत, मगे काय ता बघूया." आमच्याकडे याच्यावर कोणी वाद घालत नाही. काका भजनी बुवा. वाडीतल्या प्रत्येक घरी त्यांची पेटी वाजल्याशिवाय गणपती बसल्यासारखे वाटत नाहीत. चाळीस वर्षं बिडी ओढलेली, तरी आवाज खणखणीत. तेव्हा ठरलं, गणपती झाले की जायचं.

मधले सात आठवडे तपासण्यांत गेले. रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे, टूडी इको. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. भूलतज्ज्ञांकडून 'फिटनेस' मिळाला. कागदांची पिशवी जाड होत गेली. त्या सात आठवड्यांत काका किमान पाच वेळा कुठल्या ना कुठल्या डॉक्टरांसमोर, सिस्टरसमोर, तंत्रज्ञासमोर बसले. ऑपरेशननंतर श्वास कसा घ्यायचा, खोकायचं कसं, का, हे एकानेही सांगितलं नाही. बिडी सोडा म्हणाले, पण जाता जाता. आणि मी? मी फोनवर त्यांना पायांचे व्यायाम सांगितले, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. छातीचं माझ्याही डोक्यात आलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ पूर्ण निघाली, सर्जनांच्या हाताला यश होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पोचले, तर काका उताणे पडलेले, डोळे मिटलेले, मिनिटाला तीसच्या वर श्वास, आणि तेही वरच्या वर. बोलताना दोन शब्द झाले की थांबायचे. छातीत घरघर ऐकू येत होती, कफ वर यायला बघत होता आणि काका खोकला गिळत होते. चिरलेलं पोट खोकल्याने फाटतं की काय अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर होती. शेजारी काकी. त्या तीन दिवस एकच गोष्ट सांगत होत्या, "हलू नको हां, टाके तुटतले."

लॉकरवर तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र होतं, स्पायरोमीटर. आदल्या दिवशी सिस्टरने दिलं होतं आणि घाईत म्हणाली होती, दिवसातून चार-पाच वेळा फुंका. तिच्याकडे अख्खा वॉर्ड होता, मी तिला दोष देत नाही. काकांनी फुंकलं. गोळ्या हलल्या नाहीत. जोर लावून फुंकलं, पोटात कळ आली, ठेवून दिलं. ते यंत्र फुंकायचं नसतंच. नळी तोंडात धरून श्वास हळू, खोल आत ओढायचा असतो, तेव्हा गोळ्या वर जातात. पेटीचा भाता चाळीस वर्षं हाताने हलवणाऱ्या माणसाला ही गोष्ट अर्ध्या मिनिटात कळली असती. फक्त ती ऑपरेशनच्या आधी सांगायला हवी होती, शुद्धीवर असताना, पोट न चिरलेलं असताना.

त्या रात्री ताप चढला, ऑक्सिजन घसरला. न्यूमोनिया. आयसीयू, घशात नळी, सहा दिवस व्हेंटिलेटर. दहाव्या दिवशी घरी यायचा माणूस चोविसाव्या दिवशी आला. हापूसच्या एका हंगामाचे पैसे तिथे गेले, पण त्याबद्दल मी लिहीत नाही. घरी आल्यावर महिनाभराने ते मला म्हणाले, "माका आदी कोणी सांगूक नाय गो. तू पण नाय." रागाने नाही, सहज म्हणाले. मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

आता जे मी नंतर नीट वाचलं आणि जे तुम्हा सर्वांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे, ते इथे लिहिते, कारण हे पत्र रुग्णांच्या घरचे लोकही वाचणार आहेत.

पूर्ण भूल दिली की श्वासाचे स्नायू ढिले पडतात. माणूस उताणा झोपलेला, पोटातले अवयव छाती आणि पोटामधल्या पडद्याला वर ढकलतात, आणि पाठीकडच्या बाजूची फुफ्फुसं दबतात. तिथले हवेचे बारीक फुगे मिटतात. पूर्ण भूल दिलेल्या दहांतल्या जवळजवळ नऊ जणांत हे थोडंफार होतं. बहुतेकांत ते आपोआप सुटतं. पण छातीचं किंवा पोटाच्या वरच्या भागाचं ऑपरेशन असेल तर गोष्ट वेगळी होते. श्वासाचा मुख्य स्नायू, म्हणजे तोच पडदा, पुढचे काही दिवस नीट काम करत नाही. एका दीर्घ श्वासात माणूस जेवढी हवा आत-बाहेर करू शकतो ती साधारण निम्म्यावर येते आणि पूर्ववत व्हायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. एरवी आपण नकळत मधूनमधून मोठा सुस्कारा टाकतो, त्याने मिटलेले फुगे उघडतात. वेदनेमुळे तो सुस्कारा बंद होतो. खोकला दाबला जातो. कफ साचतो, जंतू तिथे घर करतात.

काकांच्या भाषेत सांगायचं तर भाता अर्धाच उघडतो. मग पट्टी कितीही दाबा, सूर क्षीणच निघणार.

यावर उपाय काय, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या तीन रुग्णालयांत एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. पोटाच्या वरच्या भागाचं मोठं, नियोजित ऑपरेशन होणारे ४४१ रुग्ण. सगळ्यांना एक माहितीपुस्तिका दिली. त्यातल्या निम्म्यांना त्याशिवाय फिजिओथेरपिस्टने समोर बसवून अर्धा तास शिकवलं. एकदाच, ऑपरेशनच्या आधीच्या सहा आठवड्यांत केव्हातरी. काय शिकवलं? ऑपरेशननंतर फुफ्फुसांचं काय होतं, न्यूमोनिया का होतो, आणि शुद्धीवर आल्याबरोबर, कोणी सांगायची वाट न बघता, जागेपणी दर तासाला श्वासाचे व्यायाम कसे करायचे. दहा-दहा संथ, खोल श्वासांच्या दोन फेऱ्या आणि मग तीन खोकले. तेवढंच.

ज्यांना फक्त पुस्तिका मिळाली त्यांच्यात फुफ्फुसाची गुंतागुंत शंभरात २७ जणांना झाली. ज्यांना अर्धा तास शिकवलं त्यांच्यात १२ जणांना. ऑपरेशननंतरची काळजी दोन्हीकडे सारखीच होती. हिशेब केला तर सात जणांना शिकवलं की एकाचा त्रास टळतो.

त्या पुस्तिकेच्या गटाकडे तुमचं लक्ष वेधते. २७ हा आकडा कागद हातात मिळालेल्या लोकांचा आहे. म्हणून हे पत्र वाचून कोणी ओपीडीबाहेर एक रंगीत फलक लावला आणि विषय संपला असं मानलं, तर काहीच झालेलं नसेल. फरक पडला तो माणसाने माणसाला समजावून सांगितल्यामुळे. भीती काढल्यामुळे. करून दाखवल्यामुळे आणि करून घेतल्यामुळे.

नेदरलँड्समधला दुसरा अभ्यास याहून जुना, २००६ चा. हृदयाची बायपास होणारे, फुफ्फुसाचा धोका जास्त असलेले २७९ रुग्ण. अर्ध्यांनी ऑपरेशनच्या आधी किमान दोन आठवडे, रोज वीस मिनिटं, श्वास आत घेताना अडथळा देणाऱ्या छोट्या उपकरणावर सराव केला. श्वासाच्या स्नायूंचा तो व्यायामच. फुफ्फुसाची गुंतागुंत ३५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आली, न्यूमोनिया १६ वरून साडेसहावर. दोन आठवडे! आमच्या काकांकडे सात होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तीन गोळ्यांचं यंत्र हातात ठेवलं की काम झालं, असं नाही. नुसत्या त्या यंत्राने न्यूमोनिया टळतो याचा भक्कम पुरावा अभ्यासांतून मिळालेला नाही. ते आठवण करून द्यायला बरं, गोळी वर गेलेली दिसली की हुरूप येतो. पण काम करतो तो खोल श्वास, खोकला आणि अंथरुणातून लवकर उठणं. माझ्याकडे आलेल्या काही घरांत पाच-सहाशे रुपयांचं यंत्र आणलेलं असतं आणि कसं वापरायचं हे कोणालाच माहीत नसतं. मी सांगते, यंत्र नसलं तरी चालेल, आधी बसा.

मी कसं शिकवते ते लिहिते. यात माझं असं काही नाही, कोणीही शिकवू शकेल.

अंगणात पाट किंवा खुर्ची. पाठ ताठ, खांदे सैल. एक हात पोटावर, बरगड्यांच्या खाली. नाकाने श्वास हळू आत घ्यायचा, असा की हात पुढे सरकला पाहिजे. खांदे वर जाता कामा नयेत. पूर्ण भरला की दोन-तीन सेकंद तिथेच धरायचा. मग ओठांचा चंबू करून, निखारा फुलवताना आपण हळू फुंकतो तसा, सावकाश सोडायचा. असे दहा. थोडं थांबून पुन्हा दहा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर साधा श्वास घेत बसायचं, घाई नको. त्यानंतर खोकला. घरातली एखादी वाकळ घडी करून पोटावर दोन्ही हातांनी घट्ट दाबायला लावते आणि सांगते, आता इथे चीर आहे असं समज. चिरेला आधार देऊन खोक. तीन वेळा. ज्यांना खोकवत नाही त्यांना, चष्म्याची काच पुसायला आपण 'हाऽ' करून वाफ सोडतो, तसा जोराचा 'हाऽ' करायला सांगते. कफ वर सरकतो आणि पोटाला हिसका कमी बसतो.

वाकळीचा हा भाग मी कधी गाळत नाही. कारण ऑपरेशननंतर माणूस खोकत नाही तो टाक्यांच्या भीतीने. आणि ती भीती रुग्णापेक्षा नातेवाइकांना जास्त असते. म्हणून मी शिकवताना उशाशी जी बाई किंवा जो मुलगा बसणार आहे, त्याला समोर बसवते. त्याच्याकडून वदवून घेते की आधार देऊन खोकल्याने टाके तुटत नाहीत. माझ्या काकी वाईट वागल्या नाहीत. त्यांनी जे केलं ते मायेने केलं. त्यांना एक वाक्य कोणी आधी सांगितलं असतं तर त्याच मायेने त्या दर तासाला काकांना उठवून बसवत्या.

गेल्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या एक मावशी आल्या. पित्तनलिकेचं मोठं ऑपरेशन ठरलेलं. बिडी-सिगारेट कधीच नाही, तरी छाती वाजत होती. जन्मभर चुलीवर स्वयंपाक, आणि गॅस आला तरी न्हाणीतलं पाणी अजून चुलीवरच तापतं, नारळाची सोडणं आणि सुकलेल्या झावळ्यांची चुडतं जाळून. शिवाय सकाळ-संध्याकाळ मिशेरी, म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड. कोकणातल्या बायकांची फुफ्फुसं तपासताना 'धूम्रपान नाही' असं लिहून पुढे जाऊ नका, ही माझी सर्व भूलतज्ज्ञांना हात जोडून विनंती आहे. चूल विचारा. काजूच्या भट्टीवर काम केलंय का विचारा. मिशेरी विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती तंबाखूच नव्हे.

मावशींना दहा मोजत श्वास घेणं जमेना, मोजताना श्वास विसरायच्या. मग त्यांची दुसरीतली नात मोजायला बसली. शाळेत पाढे म्हणतात त्या सुरात, एक... दोन... तीन. तीन आठवडे रोज सकाळी आणि दिवेलागणीला. ऑपरेशन झाल्यावर मुलाचा फोन आला. म्हणाला, आई शुद्धीवर आली, डोळे उघडले, आणि बोटांवर मोजत श्वास घ्यायला लागली, सिस्टर बघत राहिल्या. मला एवढंच हवं होतं. शिकलेलं असं हाताशी यायला हवं. भुलीच्या गुंगीत, नळ्या लावलेल्या, कळा येत असताना नवी गोष्ट कोणी शिकत नाही. जुनी मात्र आठवते.

बिडीविषयीही हेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं की ऑपरेशनच्या आधी साधारण चार आठवडे तंबाखूचं धूम्रपान सोडलं तरी त्यानंतरची गुंतागुंत कमी होते. 'सोडा' एवढं म्हणून माणूस बिडी सोडत नाही. पण 'गणपतीनंतर तुमचं पोट उघडणार आहे, आजपासून सोडलीत तर तुमची छाती त्या दिवशी साथ देईल' असं तारीख घालून सांगितलं, तर मी पाहिलंय, साठीच्या माणसाने खिशातलं बंडल तिथेच टेबलावर ठेवलेलं.

आता मागणी. मला मोठं बांधकाम नको, नवीन योजना नको.

ज्या कागदावर ऑपरेशनचा निर्णय लिहिला जातो, किंवा ज्या चिठ्ठीवर रुग्णाला पुढे पाठवलं जातं, त्यावर एक ओळ वाढवा: 'श्वास आणि खोकल्याचा सराव शिकवला', खाली तारीख आणि शिकवणाऱ्याची सही. उपाशीपोटी राहण्याची ओळ जशी कोणी चुकवत नाही तशी ही चुकू नये. आपल्याकडचा रुग्ण ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात तपासला जातो, ऑपरेशन गोव्यात बांबोळीला, कोल्हापूरला किंवा मुंबईला होतं. तिकडच्या डॉक्टरांना वाटतं खाली सांगितलं असेल, इकडच्यांना वाटतं वर सांगतील. या दोहोंमध्येच माझ्या काकांचे सात आठवडे गेले. ती सही रुग्ण निघतो तिथे व्हायला हवी.

शिकवणार कोण, हा तुमचा पहिला प्रश्न असेल. फिजिओथेरपिस्ट जिथे आहेत तिथे त्यांनीच शिकवावं, आणि जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस फक्त ऑपरेशन ठरलेल्या लोकांसाठी ठेवावा. पहिला अर्धा तास नीट झाला की पुढचा सराव टिकवायचं काम गावातच होऊ शकतं. हजार वस्तीमागे एक आशाताई आहे. उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. गरोदर बाईकडे त्या ज्या नेमाने जातात त्याच नेमाने ऑपरेशन ठरलेल्या घरी आठवड्यातून एकदा डोकावल्या, "दहा झाले का? दाखव बघू" म्हणाल्या, तरी पुरेसं आहे. मात्र हे काम त्यांच्यावर फुकट लादू नका. त्याचा मोबदला ठरवा. आशाताईंच्या डोक्यावर आधीच किती नोंदवह्या आहेत हे मी रोज बघते.

सगळ्यांनाच इतकी काळजी लागते असंही नाही. कोणाला जास्त धोका हे ओळखायची सोपी रीत आहे. स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये सात प्रश्नांची एक मोजणी मांडली: वय, बोटावर मोजलेला ऑक्सिजन, गेल्या महिन्यात छातीचा संसर्ग झालाय का, हिमोग्लोबिन दहा किंवा त्याखाली आहे का, चीर छातीवर की पोटाच्या वरच्या भागात, ऑपरेशन दोन तासांहून जास्त चालणार का, आणि ते तातडीचं आहे का. यातले निम्मे प्रश्न उपकेंद्रातच सुटतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोविडच्या दिवसांत गावोगाव पोचलं. ते कपाटात पडून आहे, सेल बदलले की चालू होईल. बोटावरचा आकडा ९६ च्या खाली असेल तर त्या माणसाला आधी बोलवा.

काहींच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचे व्यायाम करू नयेत: नुकता हृदयविकाराचा झटका आलेले, थुंकीतून रक्त पडणारे, फुफ्फुसाभोवती हवा साठलेले, मोठ्या रक्तवाहिनीला फुगा असलेले, नुकतं डोळ्याचं ऑपरेशन झालेले. शिकवणाऱ्याला हे पाठ हवं.

सर्जन आणि भूलतज्ज्ञांना आणखी एक. तुम्ही दुखणं जितकं आटोक्यात ठेवाल तितका रुग्ण खोल श्वास घेईल. 'थोडं सहन करायला हवं' ही आपल्याकडची जुनी सवय आहे. कोकणातली माणसं तर विचारल्याशिवाय दुखतंय म्हणतही नाहीत. पडून असताना दुखतंय का असं विचारू नका. खोकायला सांगा आणि मग विचारा. खोकता येत नसेल तर औषध कमी पडतंय. आणि तुमची परवानगी असेल तर दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवा, हे नातेवाइकांच्या देखत, मोठ्याने सांगा. काकी माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.

काका आता बरे आहेत. गाठ परत आलेली नाही. कलमांच्या बागेकडे चढताना मात्र मध्ये दोनदा बसतात, आणि पेटी वाजवतात पण वरच्या पट्टीतला गजर आता पोरांवर सोडतात. यंदाही वाडीत गणपतीनंतरचं एक ऑपरेशन ठरलंय. ते गृहस्थ माझ्याकडे आले नाहीत, काकांनीच त्यांना हाताला धरून आणलं.

माझा दवाखाना गुरुवारी बंद असतो. तुम्ही ओरोसला किंवा कणकवलीला एक खोली, दोन खुर्च्या आणि ऑपरेशन ठरलेल्यांची यादी दिलीत, तर दर गुरुवारी मी येईन. त्याचे पैसे नकोत. आशाताईंच्या एका तुकडीला शिकवायला अर्धा दिवस लागेल, तोही मी देईन. पावसाळा संपायच्या आत सुरू केलं तर यंदाच्या गणपतीनंतरची माणसं त्यात सापडतील.

आपली नम्र,
देवगड तालुक्यातली एक फिजिओथेरपिस्ट